पुसायचं नाय, रेघ मारायची

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत धुतलेल्या चादरी येत राहतात, कुणीतरी घडी घालून एकीवर एक ठेवत राहतं, तसंच ते होतं. आणि एक दिवस सहज कपाट उघडावं, तर अख्खी थप्पी अंगावर! गेली दोन-तीन वर्षं मी दर शनिवारी रोह्याहून पेणला जाते आणि तिथल्या एका हॉस्पिटलातल्या नर्सना लेख लिहायला मदत करते. पेपरात येतात तसले लेख नव्हेत, नर्सिंगच्या जर्नलमध्ये छापतात तसले. माझं कपाट आता भरलंय, म्हणून यातल्या चार घड्या तुमच्यासमोर उलगडते.

*

आधी माझं सांगते. रोह्याला कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा माझा एकच मोठा संकल्प होता. रोज दुपारी झोपायचं! तो मी अगदी निष्ठेने पाळत होते. मग नणंदेच्या ऑपरेशनसाठी चार दिवस पेणच्या त्या हॉस्पिटलात राहावं लागलं आणि तिथल्या मेट्रनबाईंनी मला बरोब्बर हेरलं.

"मॅडम, तुम्ही इंग्रजीच्या ना? आमच्या सिस्टरांकडे सांगण्यासारखं खूप आहे हो. पण लिहा म्हटलं की सगळ्यांना एकदम ड्यूटी आठवते. शनिवारी दुपारी याल का?"

दुपारी! मी "बघते" म्हणाले. पण मेट्रनबाईंच्या पुढे "बघते" म्हणणारं माणूस शेवटी येतंच, असा त्यांचा अनुभव असावा.

जागा मिळाली वरच्या मजल्यावरची कपड्यांची खोली. तीन भिंतींना चादरी, उशांचे अभ्रे, हिरवे गाऊन. साबणाचा आणि उन्हाचा वास. चौथ्या बाजूला गच्चीकडे उघडणारी खिडकी, गच्चीवर दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी, आणि चादरी वाऱ्याने बाजूला झाल्या की लांबवर खाडीचं पाणी. त्या चादरी फुगत, बसत, पुन्हा फुगत, आणि खोलीतला उजेड त्यांच्याबरोबर हलत राही. अशा खोलीत जागं राहणं हे माझ्या हातचं काम नव्हतं.

पहिल्या शनिवारी मी "प्रस्तावना कशी लिहावी" यावर बोलायला सुरुवात केली. पंखा फिरत होता. प्रस्तावनेच्या दुसऱ्या मुद्द्यापर्यंत गेल्याचं मला आठवतं. नंतर डोळे उघडले तेव्हा मानेखाली उशी होती, अंगावर चादर होती, आणि तीन माणसं वह्या घेऊन शांत बसली होती. मी खजील होऊन विचारलं, "काही लिहिलंत का?"

मोठ्या सिस्टरनी वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं: "२.५० मॅडम बोलत होत्या. ३.१० मॅडम झोपल्या. उशी दिली. चादर दिली. ३.२५ श्वास व्यवस्थित. ३.४० मॅडम स्वतःहून उठल्या. तक्रार नाही." खाली सही.

आमच्या मंडळाचं पहिलं लिखाण ते. त्यात दुरुस्त करण्यासारखं मला एक अक्षर सापडलं नाही!

*

ही तीन माणसं म्हणजेच आमचं मंडळ. बाकीच्या येत-जात असत, ही तिघं टिकली.

मोठ्या त्या सुनंदा सिस्टर. मूळच्या इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. अंगाने बारीक, आवाजाने जाड. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. दुसरी रेश्मा, जित्याहून गाडीने येणारी, पंचविशीतली, तोंडाने सतत चालू. तिसरा प्रवीण ब्रदर. हा धाटावला राहतो, घरातले सगळे केमिकल कंपनीत शिफ्टला, हा एकटाच हॉस्पिटलात शिफ्टला.

मी त्यांना पहिला अभ्यास दिला. आठवड्यातल्या कुठल्याही एका प्रसंगाबद्दल पानभर लिहा, मनमोकळं लिहा, पाहिलं ते आणि वाटलं ते. पुढच्या शनिवारी रेश्माने वही दिली. प्रसंग साधासुधा नव्हता, तिला बघायला मुलगा आला होता!

"११.०० मुलगा आला. सोबत नातेवाईक चार. ११.१५ चहा व पोहे दिले. सर्व घेतले. उलटी नाही. ११.३० मुलाशी बोलणे झाले. मुलगा शुद्धीवर, प्रश्नांना नीट उत्तरे देतो. हात किंचित थरथरतात. १२.०० पाठवून दिले. निरीक्षण चालू."

"अगं, पण तुला काय वाटलं?" मी विचारलं.

"ते आम्ही लिहीत नाय मॅडम," रेश्मा म्हणाली. "आम्हाला काय वाटलं ते पेपरावर लिहायचं नसतं."

पुढे त्याच मुलाशी तिचं लग्न झालं. हात आता थरथरत नाहीत म्हणे.

*

मी त्यांना कच्चं लिहायला सांगितलं आणि कच्चं लिहायचं म्हणून पेन्सिली आणि खोडरबर घेऊन गेले. प्रत्येकाला एक. माझ्या मते फार प्रेमळ भेट होती ती.

पुढच्या आठवड्यात सुनंदा सिस्टरांच्या लेखाची चार पानं आली. निळ्या पेनने. पानावर जिथे जिथे चूक झाली होती, तिथे त्या शब्दावर एकच सरळ आडवी रेघ, शेजारी बरोबर शब्द, आणि त्याच्या शेजारी सही आणि तारीख! पहिल्या पानावर अकरा सह्या होत्या. एक तर स्वल्पविरामाला होती.

"सिस्टर, खोडरबर दिला होता ना मी?"

प्रवीण खाली बघायला लागला. रेश्माने जीभ चावली. सुनंदा सिस्टर मात्र लहान मुलाला समजवावं तशा मला म्हणाल्या, "मॅडम, आपल्यात पुसायचं नाय. पेशंटच्या पेपरावर चुकलं, तर एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पायजे. मंग बरोबर काय ते लिवायचं, सही करायची. पुसलं तर उद्या कोन इचारील, आधी काय लिवलं होतं? पुसनं म्हंजे लपवनं."

"पण हा पेशंटचा पेपर नाही, लेख आहे."

"पेपरच हाय ना?"

ते खोडरबर मग खिडकीच्या फटीत बसवले. वाऱ्याने तावदान वाजायचं, ते बंद झालं. अजून तिथेच आहेत.

*

कुणी म्हणेल लेख लिहायला एकांत लागतो, सलग वेळ लागतो. आमच्याकडे मधले दीड-दोन महिने प्रवीणची बस साडेतीनला सुटायची आणि रेश्माची ओपीडीही साडेतीनलाच संपायची. म्हणजे हा गेला की ती येणार.

एकदा साडेतीन वाजले. प्रवीणने वाक्याच्या मधोमध पेन खाली ठेवलं. पुढचा शब्द त्याच्या ओठावर दिसत होता मला! पण नाही. ड्यूटी संपली म्हणजे संपली. तो उठला, दारात रेश्मा भेटली, आणि त्याने तिला रीतसर चार्ज दिला, शिफ्ट बदलताना वॉर्डातले पेशंट सोपवतात तसा.

"प्रस्तावना चालू आहे. पहिला परिच्छेद चांगला आहे, स्थिर. दुसऱ्याला सकाळपासून काय होत नाय, पडून आहे. तिसऱ्यावर लक्ष ठेव, शेवटचं वाक्य कधीपन जाईल."

"संदर्भ दिले?"

"दोन दिले. तिसरा मिळाला की लगेच दे."

मी चादरींना टेकून हसत होते. नंतर लक्षात आलं, यांचा लेख एकहाती लिहून होणारच नाही, आणि त्याची गरजही नाही. मग आम्ही एक चार्जबुकच केलं. कुणी काय लिहिलं, कुठे अडलं, पुढच्याने काय करायचं. महिनाभर रखडलेली प्रस्तावना दोन शनिवारांत उभी राहिली. मी एकतीस वर्षं मुलांना "निबंध स्वतः लिहा" म्हणून रागावत आले. उगीच रागावले असं वाटतं.

*

आता लेख कशावर, ते सांगते. सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे.

ऑपरेशननंतर किंवा तापात म्हातारी माणसं कधीकधी भ्रमतात. मग डॉक्टर प्रश्न विचारून बघतात. आज तारीख काय, साल कुठलं, तुम्ही आता कुठे आहात. उत्तरं आली नाहीत की पेपरावर लिहायचं, कन्फ्यूज्ड. आणि एकदा ते लिहिलं की त्या माणसाच्या बोलण्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही.

एकदा मी वॉर्डात बाकावर बसले होते. नवीन डॉक्टर एका आजींना विचारत होता, "आजी, आपल्या देशाचे पंतप्रधान कोण?"

आजींनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "एवढा शिकलास, डाक्टर झालास, आन् तुला ठावं नाय?"

डॉक्टर कागदावर लिहिणार, एवढ्यात सुनंदा सिस्टर मध्ये आल्या. "आजी, आज तिथी कंची गो?"

"चतुर्थी."

"भरती कवा?"

"तीनला."

सिस्टरांनी खिशातून छोटी वही काढली आणि टिपून घेतलं. मला त्यांनी नंतर समजावलं. खाडीकाठची माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी म्हणजे चारची पाऊणपट तीन. तीनला भरती. ज्या बाईला साल ठाऊक नाही, तिच्या डोक्यात हे गणित बसल्याजागी चालतं! मग सिस्टर ज्याचं त्याला विचारत. खाडीवाल्यांना भरती, भातवाल्यांना भात कुठवर आलं, आणि धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या एका काकांना, "आज कंची शिफ्ट?"

काकांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "सेकंड. पण आज आमचा वीकली ऑफ."

हिशेब करून पाहिला, बरोबर होता! नोकरी सुटून नऊ वर्षं झाली होती माणसाची.

अशा नोंदींच्या सिस्टरांकडे सात वह्या होत्या. पंचवीस-तीस वर्षांच्या. त्यांचं म्हणणं एकच, की प्रश्न माणसाच्या ओळखीचा असावा, मग तो खरंच भ्रमलाय का ते कळेल. हे त्यांना छापून हवं होतं, आणि निवृत्तीच्या आत हवं होतं.

"नंतर छापलं तर काय बिघडलं?" मी म्हटलं.

"नाय मॅडम. नावाफुडं स्टाफ नर्स छापलं पायजे. घरी बसलेली बाय नको. ड्यूटीवर असताना सांगायचं हाय मला." हे बोलताना त्यांचा जाड आवाज एकदम बारीक झाला. मला तेव्हा त्याचं कारण कळलं नाही.

*

लेख गेला. आधी मराठीत लिहिलेला, मग मी इंग्रजी केलेला. तीन महिन्यांनी जर्नलकडून तज्ज्ञांचे प्रश्न आले. रेश्माने पत्र मोठ्याने वाचलं. पहिलाच प्रश्न असा, की भरतीच्या वेळेबद्दल पेशंटने दिलेलं उत्तर बरोबर आहे की नाही, हे लेखकांनी कोणत्या पद्धतीने पडताळून पाहिलं?

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, आता आकडे, तक्ते, कुठल्याशा कार्यालयाचे दाखले असं काही शोधावं लागणार. मी चष्मा लावून लिहायला सरसावले.

प्रवीण म्हणाला, "गच्चीवर जाऊन बघितलं."

"म्हणजे?"

"म्हणजे हेच की. कपडे बाजूला केले, खाडीकडे बघितलं. पाणी होतं."

मी तेच इंग्रजीत लिहिलं आणि तेवढं एकच उत्तर आधी पाठवून दिलं. अगदी हेच, वाळत घातलेल्या चादरींसकट. उलट टपाली उत्तर आलं, पद्धत मान्य आहे!

त्या दिवशी आम्ही चौघंही गच्चीवर गेलो. भरती होती. चादरींच्या मधून आम्ही बराच वेळ ते पाणी बघत राहिलो, आणि कुणाला खाली जावंसं वाटेना. मेट्रनबाई शोधत वर आल्या, आणि त्याही उभ्या राहिल्या.

*

दुसरा प्रश्न मात्र सोपा नव्हता. हे निरीक्षण मुळात कसं सुचलं, असं त्यांनी विचारलं होतं. लेखात सुरुवातीला एक ओळ होती: "एका रुग्णाच्या बाबतीत कन्फ्यूज्ड अशी नोंद करण्यात आली होती, ती चुकीची निघाली."

"कुणी केली होती नोंद?" मी विचारलं.

सुनंदा सिस्टर चादरीची घडी घालत होत्या. ती घडी त्यांनी मोडली आणि परत घातली. त्या शनिवारी उत्तर आलं नाही. पुढच्याही आलं नाही. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. तिसऱ्या शनिवारी त्या आपणहून बोलल्या, खिडकीकडे तोंड करून.

खारेपाटातली एक आजी होती. तिकडे भातशेती आणि खाडी यांच्या मध्ये मातीचा बांध असतो, आणि बांधात एक लाकडी झडप. तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडून शेतातलं जादा पाणी सोडायचं आणि भरतीच्या आत लावायची, नाहीतर खारं पाणी शेतात येतं. आजीने सकाळी उघाडी उघडली आणि परत येताना बांधावर पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. मुलगा डोलवीला कंपनीत फर्स्ट शिफ्टला, सून बाळंतपणाला माहेरी. शेजाऱ्यांनी तिला उचलून पेणला आणलं.

"डाक्टरनी तारीख इचारली, तिला सांगता येयना. साल येयना. एकच बोलायची, उघाडी लावा, आज पाचव हाय, पावनेचारला भरती. सलाइन ओढायची, उठायला बघायची. मी नवीन होती. मला वाटलं भ्रमली."

सिस्टरांनी खिडकीच्या फटीतला खोडरबर बोटाने आत दाबला.

"तीन वाजता मी लिवलं. कन्फ्यूज्ड. हात बांधले. सही केली. पाचला मुलगा आला, म्हनाला, आये, उघाडी कोनी लावली? ती कायच बोलली नाय. माझ्याकडं बगितलं फक्त. भात पोटरीत आलं होतं मॅडम, कनीस भायेर पडायचं तेवढं बाकी. सगलं खाऱ्यात गेलं. दोन वरसं त्या खाचरात काय पिकलं नाय. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. रेश्मा उठून सिस्टरांच्या जवळ जाऊन बसली. चार्जबुकात त्या दिवशी प्रवीणने एवढंच लिहिलं, "आज लिखाण नाही. सर्वांनी चहा घेतला."

*

असा प्रसंग छापायचा तर घरच्यांची परवानगी लागते. आजी तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अजून कंपनीत शिफ्टला, तेव्हा आम्ही सुनेकडे जायचं ठरवलं. रेश्मा, मी आणि सुनंदा सिस्टर मिनीडोरने, म्हणजे इकडच्या सहा आसनी रिक्षाने, गावापर्यंत गेलो. बांध जिथून सुरू होतो तिथे मिनीडोर थांबली.

"माझा गुडघा दुखतोय," सिस्टर म्हणाल्या. "तुमी जाऊन या."

वॉर्डात दिवसाला शंभर फेऱ्या मारणारा गुडघा तो!

सून पन्नाशीची, हाताला माती लागलेली. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सासूचं नाव येल त्यात?"

"नाय, पेशंटचं नाव छापत नाय," रेश्मा म्हणाली.

"मंग नर्सबायचं येल?"

रेश्माने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "येईल."

"मंग ठीक हाय." तिने हात पुसले, सावकाश सही केली, आणि कागद परत देताना म्हणाली, "सासू मरंपत्तर सांगत होती. मी त्या पोरीला बोलली होती, म्हनायची. टाइम पन सांगितला होता."

मिनीडोरमध्ये सिस्टरांनी विचारलं, "काय म्हनाली?" रेश्मा म्हणाली, "सही दिली." पण मला राहवलं नाही. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. परत येताना दोन्ही बाजूंना भात होतं, ऊन कलतं होतं, आणि सुनंदा सिस्टर मांडीवर वही ठेवून लिहीत होत्या. हलत्या मिनीडोरमध्ये, वाकड्यातिकड्या अक्षरात. "ही नोंद मी केली होती. तेव्हा मी ड्यूटीवर होते."

आम्हाला काय वाटलं ते लिहायचं नसतं, असं म्हणणाऱ्यांच्या गोतावळ्यातली ती पहिली "मी"!

*

लेख स्वीकारला गेला. छापण्याआधी तपासायला पानं आली. सिस्टरांनी ती पाहिली आणि थेट संपादकांना फोन लावायला सांगितला. फोन स्पीकरवर होता. संपादक कुठल्या तरी मोठ्या शहरातले, भले गृहस्थ, सुदैवाने मराठी.

"सर, मी कन्फ्यूज्ड शब्दावर रेघ मारली होती. ती रेघ कुठं गेली?"

"सिस्टर, ती आम्ही काढली. तुम्हाला तो शब्द नको असेल तर पूर्ण काढून टाकू या. पान स्वच्छ दिसेल."

"पुसायचं नाय सर. रेघ मारायची. खालचं वाचता आलं पायजे. आन् शेजारी सही."

"छापील लेखात सही?"

"आद्याक्षरं चालतील. आन् तारीख."

"कुठली तारीख? तेव्हाची?"

"नाय, आजची. दुरुस्ती आज करतेय ना मी."

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. मग संपादक हळूच म्हणाले, "सिस्टर, आमच्या जर्नलमध्ये असं कधी झालेलं नाही. पण करू या."

निवृत्तीला चार दिवस असताना अंक आला. नाव, नावापुढे स्टाफ नर्स, आणि दुसऱ्या पानावर तो एक शब्द. त्यावर सरळ आडवी रेघ, शेजारी दोन अक्षरं आणि तारीख. कपड्यांच्या खोलीत पेढे वाटले. सिस्टरांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

*

निवृत्तीनंतरच्या पहिल्या शनिवारी त्या मला म्हणाल्या, "मॅडम, चला." अबोली रंगाची साडी नेसल्या होत्या. त्यांना पांढऱ्या कपड्यांशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते. बांधापाशी मिनीडोर थांबली. यावेळी गुडघ्याचं काही निघालं नाही. सिस्टर पुढे, मी मागे. दुपारचा एक वाजला असेल. खाडीकडून वारा येत होता, उन्हाच्या चमकीत पाणी दिसत नव्हतं, नुसता उजेड.

सून ओसरीवर भाजी निवडत होती. सिस्टरांनी अंक तिच्या हातात दिला, दुसरं पान उघडून. सगळं इंग्रजी. तिला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. तिने पान वरून खाली पाहिलं आणि तिचं बोट त्या शब्दावर येऊन थांबलं.

"ही रेघ कसली?"

"माझी," सिस्टर म्हणाल्या.

सुनेने मान वर केली. सिस्टरांच्या चेहऱ्याकडे तिने खूप वेळ बघितलं. मग अंक माझ्या हातात दिला आणि सिस्टरांना विचारलं, "आज भरती कवा गो?"

"आज तीज," सिस्टर म्हणाल्या. "सव्वादोनला."

"मंग चल. उघाडी लावून येऊ. चा मागनं पिऊ."

दोघी बांधावरून चालत गेल्या, सून पुढे, सिस्टर मागे. मी ओसरीवर बसून होते आणि त्या दुपारी मला अजिबात झोप आली नाही.